चौथा हिसका

माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलं बोलावं, असा रिवाज आहे. मीही तो पाळणार आहे, पण सावकाश. चांगल्यापर्यंत पोचण्याआधी बरंच काही बोलायचं राहून गेलं आहे, आणि ते ऐकून घ्यायला आता ते नाहीत. असते तरी ऐकलं नसतं म्हणा. डोक्यावर टॉवेल घेऊन मोटरवर ओणवे झाले असते आणि आतूनच म्हणाले असते, "अहो केमिस्ट, बोला नंतर. आधी इकडे या आणि सांगा, निळी की पिवळी?"

अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला होतो, त्याचा स्वतःचा एक तलाव होता. बारवी धरणाच्या मानाने अगदी लहान. बदलापूरच्या पुढे डोंगरात, कारखान्याने जुन्या काळी बंधारा घालून केलेला. तिथलं पाणी नळाने कारखान्यात यायचं आणि ते कसं आहे हे पाहणं माझं काम होतं. त्यासाठी आठवड्यातून एक-दोनदा जीपने तलावावर जायचं, बोटीतून मध्यावर जायचं, बाटल्या भरायच्या आणि परत यायचं. तासाभराचं काम. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लागलो, तेव्हा मला कोणीतरी असंच सांगितलं होतं: तासाभराचं काम. सांगणारा तलावावर कधी गेलेला नसावा.

तलावावर एक चौकी होती. चौकीवर हिरू नावाचा राखणदार, एक पत्र्याची बोट, बोटीच्या मागे अडकवायची एक जुनी परदेशी मोटर, आणि या तिघांवर देखरेख करायला एक ओव्हरसियर. तेच हे. उंच, काटकुळे, खाकी अर्धी चड्डी, अंगाला पेट्रोलचा आणि काताचा मिळून एक वास. मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "एक ब्लेड किती दिवस वापरता?"

मला वाटलं, माझी दाढी नीट झालेली नाही. मी ओशाळून काहीतरी उत्तर दिलं.

"फेकून देऊ नका," ते म्हणाले. "इथे आणून द्या."

त्या ब्लेडांचा उलगडा व्हायला थोडे दिवस गेले. त्या जातीच्या मोटरीत ठिणगी तयार होते ती अशी: दोरी ओढली की वरचं जड चाक फिरतं. त्या चाकात चुंबक असतात. चाकाखाली दोन बारीक टिकल्या असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. चाक फिरताना या टिकल्या उघडतात, मिटतात, आणि ज्या क्षणी त्या उघडतात त्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडते. टिकल्यांमधलं अंतर नेमकं लागतं. कमी पडलं की ठिणगी मरगळते, जास्त झालं की अवेळी पडते. अंतर मोजायच्या पोलादी पट्ट्या बाजारात मिळतात. आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्येही होत्या. मी एकदा त्यांना आणूनही दिल्या. त्यांनी त्या खिडकीच्या गजाला टांगल्या. वारा आला की वाजायच्या.

ते मोजायचे दाढीच्या ब्लेडांनी. वापरलेली पाच पाती एकावर एक ठेवून टिकल्यांमध्ये सरकवायची, ना घट्ट ना सैल. "पट्टी कोणी बनवली ते मला माहीत नाही," ते म्हणायचे. "ब्लेड माणसाने गालावर लावून पाहिलेलं असतं."

एकदा वैतागून मी दाढीच वाढवली. जीप आली की ते माझ्याकडे असहकार पुकारलेल्या माणसाकडे बघावं तसे बघायचे. सहा महिन्यांनी बायकोने बोलून बोलून मला दाढी काढायला लावली. ओव्हरसियरांनी तिच्यासाठी हिरूकडून करवंदं पाठवली.

मोटर चालू होत नसली तर कारणं दोनच, एक ठिणगी आणि दुसरं पेट्रोल, असं हिरूने मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. ओव्हरसियरांच्या लेखी कारण एकच, ठिणगी; तिला ते इग्निशन म्हणत. आणि त्यांचा एक नियम होता: दोरीला तीन हिसके. चौथा ओढायचा नाही. "देवालासुद्धा तीनदाच हाक मारावी," ते सांगत. "चौथ्यांदा मारली म्हणजे आपण त्याला बहिरा ठरवतो." तिसऱ्या हिसक्याला मोटर बोलली नाही की संपलं. मग आपण काठावर असू किंवा तलावाच्या मध्यावर, डोक्यावर ऊन असो किंवा डोंगरावरून सर उतरत असो, ते पान्यांची पिशवी उघडणार, चाक काढणार, पॉइंट घासणार, पाच पाती लावणार. मी बोटीत पुस्तक ठेवायला लागलो. माझं त्या वर्षांतलं बहुतेक वाचन पाण्यावर झालेलं आहे.

एकदा असेच मध्यावर अडकलो होतो. तीन हिसके झाले होते. हिरू मोटरीच्या बाजूला बोट दाखवून अगदी हळू म्हणाला, "सायेब, पेट्रोलची नळी बंद दिसते."

मीही पाहिलं. नळीची तोटी आडवी होती. सरळ करायची की झालं. अर्ध्या क्षणाचं काम.

"दिसते," ओव्हरसियर म्हणाले. ते आधीच चाकाचा मोठा नट सैल करत होते.

"मग उघडू का?"

"हात लावू नकोस."

"अहो, पण नळी बंद आहे!" मी पुस्तक मिटून म्हटलं.

"असू दे. नळी बंद आहे म्हणजे इग्निशन बरोबर आहे, असं होतं का?"

"पण उघडून तर बघू."

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "नळी उघडली आणि चालू झाली, तर इग्निशनमध्ये काय बिघडलं होतं ते मग आपल्याला कळायचं कसं?"

हिरूने तोंड पाण्याकडे फिरवलं. त्याची पाठ हलत होती. मी परत पुस्तक उघडलं, पण त्या दिवशी त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

ठिणगी बघायची त्यांची रीत अशी: प्लग बाहेर काढून लोखंडाला टेकवायचा, डोक्यावरून टॉवेल घ्यायचा, कारण उन्हात ठिणगी दिसत नाही, आणि हिरूने दोरी ओढायची. (ते ओढणं त्या तिनांत धरत नसत.) निळी ठिणगी म्हणजे तब्येत उत्तम, पिवळी म्हणजे परत उघडा. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून एक साक्षीदार लागे. मग मलाही त्या टॉवेलखाली डोकं घालावं लागे. आत पेट्रोल, कात, घाम. "निळी की पिवळी?" मी दरवेळी निळी म्हणायचो. निळी असली तरी निळी, पिवळी असली तरी निळी. हिरूनेही मला पहिल्याच आठवड्यात हेच शिकवलं होतं. पिवळी म्हटलं की दुपार गेली. तरी ते विचारायचेच, "नक्की? कडेला जरा केशरी नाही?"

पानाचा डबा हा त्यांचा दुसरा हत्यारांचा डबा. सुपारी, कात, चुना यांच्याच शेजारच्या खणात बारीक स्क्रू, वॉशर, एक जुना प्लग. बोटीत सांडलं तर तळाशी जातं, खिशात ठेवलं तर धोब्याकडे जातं, डबा मात्र आपण दिवसभर उघडतोच, असं त्यांचं तर्कशास्त्र. मी त्यांच्या हातचं पान एकदाच खाल्लं. दाढेखाली कडक लागलं ते सुपारी नव्हतं.

आमचं लग्न नवीन असताना ते एका रविवारी बदलापूरहून आमच्या अंबरनाथच्या घरी आले. चहा झाला, पोहे झाले. हे कशाला आले असतील, या विचाराने मी बेचैन होतो. शेवटी त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या बायकोला विचारलं, "सूनबाई, नखांना रंग लावता का?"

ती गोंधळून माझ्याकडे पाहायला लागली.

"लावत असाल तर अर्धी बाटली पाहिजे. कुठलाही चालेल. ठिणगीच्या कॉइलला चीर गेली आहे, पावसाळ्यात तिच्यातून वीज गळते. वरून दोन हात रंग दिला की बंद."

तिने बाटली आणून दिली. पुढे तो लाल रंगाचा गोळा मी कितीदा तरी पाहिला. कॉइल खरंच गळायची थांबली, हे मी बायकोला बरेच दिवस सांगितलं नाही.

आणि एकदा कंडेन्सर गेला. कंडेन्सर गेला की पॉइंट जळतात आणि ठिणगी पिवळी पडते. आमच्या मोटरीचा सुटा भाग मिळणं शक्यच नव्हतं, तेव्हा स्कूटरचा बसवायचा असं ठरलं. त्यासाठी उल्हासनगर. कॅम्प चारमध्ये एका बोळात एक सिंधी दुकानदार होता. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत गेलं की दुकानदाराला बाहेर यावं लागे.

"साईं, ओरिजनल चाहिए कि अच्छा?" त्याने विचारलं.

"ओरिजनलवाला मर गया," ओव्हरसियर म्हणाले. "अच्छा दो."

त्याने खोकाभर कंडेन्सर समोर ओतले. आता मोजमाप होईल, मीटर लागेल, असं मला वाटलं. यांनी एकेक उचलून नाकाशी धरायला सुरुवात केली. आतलं मेण जळलेलं असलं तर वासाला कळतं म्हणे. एक हुंगायचा, बाजूला ठेवायचा, दुसरा हुंगायचा. बोळातली पोरंटोरं जमली. शेजारच्या दुकानातला माणूस उठून आला. दुकानदाराने बराच वेळ सोसलं, मग माझ्याकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाला, "साईं, अत्तर की दुकान आगे है."

परत येताना वाटेत मी त्यांना विचारलं, की एवढं करून मोटर पुरती दुरुस्त कधी होणार? त्यांनी नवा कंडेन्सर काढून पुन्हा एकदा हुंगला. मग म्हणाले, "घाई आहे का तुम्हाला?"

घाई मलाच होती असं नाही. त्यांच्या घरीही एक वाट बघणारं माणूस होतं. बदलापूर गावात त्यांचं छोटं घर होतं. वहिनी स्वभावाने शांत, अतिशय हसतमुख. नवरा रोज उठून जातो तो तलाव त्यांनी पाहिलेला नव्हता. "दाखवतो म्हणालेत," त्या मला म्हणाल्या होत्या. "मोटर पुरती दुरुस्त झाली की बोटीतून पलीकडे नेऊन आणतो म्हणालेत." हे त्या नव्या नवरीच्या उत्सुकतेने सांगत नव्हत्या. गॅसचा नंबर लागला की सिलिंडर येईल, असं सांगावं तसं सांगत होत्या.

पलीकडे काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर हे सगळं एका चक्रम माणसाचे चाळे होऊन बसेल. चाळे होतेच, पण पलीकडे एक पाडा होता. पूर्वी पाड्यावरून बदलापूरला उतरणारी पायवाट होती, ती तलावाखाली गेली. डोंगराला वळसा घालून यायचं तर सकाळचा पहिला बाजार हुकायचा. पाड्यावरच्या बायका कंटोली, शेवळं, कुर्डू, जे त्या दिवसांत उगवेल ते आणून विकायच्या, आणि वळसा घालून आलेली भाजी कोमेजलेली असायची. ती कोण घेणार? कारखान्याच्या बोटीत परक्या माणसाला बसवायला सक्त मनाई होती.

पण चाचणी घ्यायला मनाई नव्हती. दुरुस्तीखाली असलेल्या मोटरीची रोज चाचणी घ्यायला हवी. आणि रिकाम्या बोटीवर घेतलेली चाचणी ही चाचणी नव्हे, असं ओव्हरसियरांचं म्हणणं होतं. बोटीत भार पाहिजे.

त्या बायका म्हणजे भार. रोज सकाळी ते हिरूला विचारत, "भार आला का?" आणि पलीकडच्या काठावर पाट्या घेतलेल्या बायका उभ्या असत. त्यांच्यातली बुधीबाय सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तोंडाळ. बोटीत पाय ठेवता ठेवताच ती म्हणायची, "सायेब, आज आमी भार हाव का मानसं?"

"गप बस. भार बोलत नाही."

"मंग इंजान तरी बोलू दे. त्यो बी मुका, आमी बी मुक्या. तुमी एकलेच बोलताव."

या गमतीतली मेख मला हिरूने सांगितली. मालकांचा अलिबागला समुद्रावर बंगला होता आणि मॅनेजरचा हुकूम फार जुना होता: मोटर धड झाली की अलिबागला पाठवा. म्हणजे मोटर धड झाली तर पाड्याची बोट बंद, आणि मोटर पार बिघडली तर ती भंगारात, तरीही बोट बंद. तिने रोज चालायचं आणि कधीच दुरुस्त व्हायचं नाही, एवढ्या चिंचोळ्या जागेत तो माणूस बारा-पंधरा वर्षं उभा होता. का त्याला याचं काहीच देणंघेणं नव्हतं आणि खरोखरच इग्निशन पसंत पडत नव्हतं? मी त्यांना सरळ विचारलं.

"ठिणगीला कडेला केशरी छटा आहे," ते म्हणाले. "असली मोटर मी दुरुस्त झाली म्हणून सांगू?"

मग एकदा नवा मॅनेजर स्वतः येणार असल्याचं कळलं. मोटर त्याला डोळ्यांनी बघायची होती. मी आणि हिरूने आदल्या दिवशी त्यांच्या विनवण्या केल्या. मी म्हटलं, सोपं आहे, पेट्रोलची नळी बंद ठेवा. तीन हिसके मारा, चालू होणार नाही, तो परत जाईल.

ते उसळलेच. "म्हणजे नळी उघडायचंसुद्धा मला कळत नाही, असं त्याला वाटू दे? इतकी वर्षं हेच केलं मी?"

मी कपाळाला हात लावला. हेच केलं होतं त्यांनी. मी बोटीत होतो!

शेवटी तडजोड झाली. बिघाड इग्निशनमध्येच करायचा. पॉइंटच्या दोन टिकल्यांमध्ये बसच्या तिकिटाचा कपटा सरकवायचा. कागद मध्ये असला की ठिणगी पडत नाही. त्यांनी माझ्यादेखत कपटा घातला. हिरूने पलीकडे जाऊन बायकांना सांगितलं, उद्या काठावर यायचं नाही.

मॅनेजर आला. तरणा माणूस, पायात पांढरे बूट. पहिला हिसका, काही नाही. दुसरा, काही नाही. मी मनात म्हटलं, आता एकच. तेवढ्यात मॅनेजरची नजर बोटीच्या फळीवर मांडलेल्या पाच पात्यांवर गेली.

"हे काय आहे?"

"अंतर मोजायला," ओव्हरसियर म्हणाले.

"दाढीच्या ब्लेडने?" तो हसला. जोडीला आणलेल्या माणसाकडे बघून म्हणाला, "आपल्याला वाटतं आपण इथे ओव्हरसियर ठेवलाय. यांनी न्हाव्याचं दुकान काढलंय."

ओव्हरसियर ताठ उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. हिरूने त्यांची बाही धरली. त्यांनी बाही सोडवून घेतली, पिशवीतून चिमटा काढला. चाकाला एक छोटी खिडकी असते, तिच्यातून आतले पॉइंट दिसतात. त्या खिडकीत चिमटा घालून त्यांनी कपटा बाहेर ओढला, मॅनेजरच्या पांढऱ्या बुटांपुढे टाकला, आणि दोरीला हिसका दिला.

इतक्या वर्षांत ती मोटर इतकी सुरेख चालू झालेली मी पाहिली नव्हती. आवाज डोंगरावर आपटून परत आला. आणि तो आवाज ऐकून पलीकडच्या झाडीतून पाट्या घेतलेल्या बायका एकेक करून काठावर आल्या. मोटर चालू झाली म्हणजे संकट टळलं, असा त्यांनी साहजिकच अर्थ घेतला होता.

"त्या कोण?" मॅनेजरने विचारलं.

"भार," ओव्हरसियर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

मॅनेजरला काही समजलं नाही. "उत्तम चालते की. उद्या टेम्पो पाठवतो," असं म्हणून तो गेला.

मी त्या दिवशी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. हिरू नुसता बंधाऱ्यावर जाऊन बसला. ओव्हरसियरांनी आमच्या दोघांकडे पाठ केली आणि मोटर परत उघडायला घेतली. "स्वच्छ करून देतो," म्हणाले. "परक्या घरी जायची आहे." चाक काढलं, पॉइंट घासले, पाच पाती लावली, चाक बसवलं. मला इतका राग आला होता, की मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. ते आणि हिरू वल्ही मारून बायकांना आणायचे. ओव्हरसियरांचा खांदा दुखायचा आणि ते सगळ्यांवर खेकसायचे. बुधीबाय म्हणाली, "सायेब, त्यो इंजानच बरा व्हता. त्याला तरी शिव्या देताव, आमी सुटताव." मग वल्ही मारणंही त्यांना जमेना. हिरू एकटा किती फेऱ्या मारणार? अर्ध्या पाट्या पलीकडेच राहू लागल्या.

आणि पावसाळा सरता सरता टेम्पो परत आला. मागे मोटर. ड्रायव्हर म्हणाला, "बेकार है साहब. स्पार्क एकदम फस्क्लास, नीला! लेकिन चालू ही नहीं होता. कार्बोरेटर खोल खोल के मेकॅनिक पागल हो गया. सेठ ने नया लिया. ये आपका भंगार आप रखो."

मोटर बोटीला अडकवली. ओव्हरसियरांनी तीन हिसके मारले. नाही. "इग्निशन," असं म्हणून त्यांनी समाधानाने पिशवी उघडली. मी पुस्तक उघडलं. थोड्या वेळाने ते ओरडले, "चावी! चावी कुठे आहे?"

चाक दांड्यावर योग्य जागी धरून ठेवणारा एक लोखंडाचा तुकडा असतो, अर्धचंद्रासारखा, फोडलेल्या सुपारीएवढा. त्याला चावी म्हणतात. ती नसली तरी चाक घट्ट बसतं, फिरतं, ठिणगीही पडते, अगदी निळी. फक्त भलत्या वेळी पडते. आणि ठिणगी इतकी सुंदर दिसत असताना चाक काढून बघण्याची बुद्धी कुठल्याही शहाण्या माणसाला होत नाही. तो पेट्रोलच शोधत बसतो.

ते माझ्यावर ओरडत होते, जसा काही मी ती घेतली होती. ओरडता ओरडता त्यांनी पानाचा डबा उघडला, सुपारीच्या खणात बोट फिरवलं आणि थांबले.

"ही इथे कशी?" त्यांनी मलाच विचारलं.

चावीला कात लागला होता. त्यांनी ती बाहीला पुसून जागेवर बसवली. पहिल्या हिसक्याला मोटर बोलली. हिरू बंधाऱ्यावरून धावत आला.

"तुम्ही मुद्दाम काढून ठेवली होती," मी म्हटलं.

"विसरलो असेन."

"तुम्ही? इग्निशनमधली गोष्ट?"

"माणूस विसरतो, केमिस्ट. तुम्ही नाही सहा महिने दाढी करायची विसरलात?"

याच्यापुढे त्यांनी मरेपर्यंत एक शब्द सांगितला नाही. आता मोटर कोणालाच नको होती. ती दुरुस्त झाली असं जाहीर करायला काहीच हरकत नव्हती. तरी चाचण्या चालूच राहिल्या, आणि घरी वहिनींनाही उत्तर तेच: अजून थोडं काम आहे. मी चिडून म्हटलं, आता तरी न्या त्यांना एकदा. ते म्हणाले, "मध्ये बंद पडली तर? तिच्यापुढे?"

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना ते गेले. सकाळी चहा घेतला, बाहेरच्या खुर्चीत बसले आणि तिथेच मान कलली. खिशात दोन पाती होती, कागदात गुंडाळलेली.

दिवस झाल्यावर वहिनी म्हणाल्या, की त्यांना तलाव बघायचा आहे. मी त्यांना जीपने घेऊन गेलो. हिरूने बोट धुऊन ठेवली होती. पलीकडच्या काठावर बायका उभ्या होत्या. त्या दिवशी पाट्या नव्हत्या. बुधीबाय सगळ्यांच्या पुढे, पदर डोक्यावर घेऊन. वहिनी बोटीच्या मधल्या फळीवर बसल्या. पानाचा डबा त्यांनी बरोबर आणला होता.

हिरूने दोरी ओढली. एक. दोन. तीन. मोटर बोलली नाही. त्याचा हात दोरीवर थांबला. चौथा हिसका त्याने मारला नाही.

मी पाहिलं. पेट्रोलच्या नळीची तोटी आडवी होती. मग मी हिरूकडे पाहिलं. त्यानेही ते पाहिलं होतं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"इग्निशन, वैनीबाय," हिरू म्हणाला, आणि त्याने पिशवी उघडली.

त्याने पॉइंट घासले, पाच पाती एकावर एक ठेवून अंतर पाहिलं, प्लग काढून लोखंडाला टेकवला. कोणाला काही घाई नव्हती. वहिनी पाण्याकडे, डोंगराकडे, पलीकडच्या बायकांकडे बघत बसल्या होत्या. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हणजे अजून दुरुस्त झालेली नाहीच. मला वाटायचं, हे उगीच सांगतात."

हिरूने डोक्यावर टॉवेल घेतला. मीही त्याखाली डोकं घातलं. त्याने दोरी ओढली.

"केमिस्टसायेब," तो आतून म्हणाला, वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात, "निळी का पिवळी?"

ठिणगी निळी होती. स्वच्छ, कडेपर्यंत निळी.

"पिवळी," मी म्हणालो.